सैल टाके

वीज गेली की अख्खं शहर तिच्यावर तुटून पडायचं. तक्रारींचे फोन घेणं हीच तिची नोकरी. कानाला हेडफोन, मांडीवर आई गेल्यानं अर्धवट राहिलेली शाल. लोक शिव्यांची लाखोली वाहायचे. ती "हो साहेब, समजतंय," म्हणत विणत राहायची. आईचे शेवटचे टाके सैल होते. दुखण्यात हात थरथरायचे. लेकीचे मात्र घट्ट. एकेका टाक्यात एकेक शिवी गिळलेली. आज एकजण गरजला, "आईनं हेच शिकवलं का तुला?" तिचा आवाज चढला नाही. तक्रार नोंदवली, शेवटची ओळ विणली, गाठ मारली. शेजारची मैत्रीण हरखली. "अगंबाई, झाली की! घे बघू अंगावर." तिनं गाठ सोडून लोकर ओढली. "वेडी झालीस?" मैत्रीण ओरडली. "उद्याचे फोन कुणाच्या जिवावर घेऊ गं?" घट्ट टाके भराभर उसवले. सैल टाके लागले, तसा हात थांबला.