टायरच्या रांगेत आधी तुम्ही

सप्टेंबरपासून तेत्सुजी स्वस्त टायर निवडत होता. बारमाही घ्यावेत की खास बर्फाचे? वही भरली, टायर ठरेनात. जपानमधल्या असाहिकावात पहिला बर्फ पडला त्याच सकाळी बायकोला, चिहारूला, कळा सुरू झाल्या. उन्हाळी टायरवर घाटापलीकडचं हॉस्पिटल गाठणं अशक्य. दोघं टायरवाल्याकडे पोचले तर ही रांग! सर्वांत पुढच्या गाडीत स्टिअरिंगवर एक आजी होत्या; बाहेर उभ्या आजोबांनी चिहारूचं पोट पाहिलं आणि ते कमरेत वाकले. “आधी तुमची गाडी घ्या.” “छे, छे, आधी तुमचीच,” तेत्सुजी त्यांच्याहून खाली वाकला. “अरे, हो म्हण ना!” चिहारू खेकसली. “तीनदा नको म्हटल्याशिवाय हो म्हणणं बरं दिसत नाही,” तो कुजबुजला. आजोबाही हटेनात. वैतागून मेकॅनिकने आजोबांच्याच गाडीला टायर चढवले. चिहारू तडक त्याच गाडीत बसली. “आजी, हॉस्पिटल!” आजी भरधाव सुटल्या. मागे राहिलेल्या तेत्सुजीने वाकल्यावाकल्याच विचारलं, “आजोबा, तुम्ही शेवटी कोणते घेतलेत?”