शर्यतीचं गाऱ्हाणं

नवशिक्या रेसर्ससाठीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं उद्घाटन कट्टा गावाजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर होतं. जेमतेम एक ड्रायव्हर मावेल अशा बारा बुटक्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. पाच नंबरच्या गाडीत गावची रिया, सात नंबरच्या गाडीत आयोजक परुळेकरांचा मुलगा मितेश. “इथे वशिला चालणार नाही,” असं परुळेकर भाषणात तीनदा म्हणाले आणि देवाला गाऱ्हाणं घालायला त्यांनी माइक गावातले वडीलधारे भिकाजी गावकर यांच्या हातात दिला.

भिकाजींनी नारळ पुढे धरला. “बा देवा म्हाराजा, ही बारा पोरां आज गाडी चालवतत. कोणाक पुढे नको, कोणाक मागे नको. सगळ्यांका एकदम, सावकाश पोचव रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळा गाव म्हणाला.

परुळेकर घाईघाईने भिकाजींच्या कानाशी लागले. “अहो काका, ही शर्यत आहे. कोणीतरी पहिलं यायलाच हवं.”

“मगे पयलो कोण येवक होयो, तां सांगा. देव खोळंबलो हा.”

परुळेकरांनी इकडेतिकडे पाहिलं. भिकाजींनी खाली धरलेला माइक आता वर आला होता आणि चालूच होता, तेवढा मात्र त्यांना दिसला नाही. ते हळूच म्हणाले, “सात नंबर.”

सड्यावरच्या चारही कर्ण्यांतून ते खणखणीत ऐकू आलं. आणि जन्माच्या सवयीने सगळा गाव एका सुरात म्हणाला, “होय म्हाराजा.”

त्यात पाच नंबरच्या हेल्मेटमधलाही एक आवाज होता.