निळ्या काठाचं ताट

एका ताटात जेवल्याने एड्स होत नाही, हे रादामेसने सान्तो दोमिंगोच्या वस्तीवस्तीत भोंग्यावरून ओरडून सांगितलं. दुपारी घरी येऊन तो निळ्या काठाच्या ताटात जेवायचा. ते त्याचं एकट्याचं होतं. त्याची आई, दोन्या एर्सिलिया म्हणजे एर्सिलियाबाई, ते वेगळं घासायची आणि वेगळ्या फळीवर उपडं घालायची.

"अख्ख्या शहराला पटवलंस, घरातलं एक माणूस पटेना," मी चिडवायचो.

"घाबरते रे ती. पण वाढते ना?"

त्याच्या खोलीत मी अकरा वर्षं राहिलो. आल्यागेल्याला ती 'हा भाडेकरू' एवढीच माझी ओळख करून द्यायची. भाडं तिने कधी मागितलं नाही. भाडेकरू असल्यामुळे मला मात्र घरच्यांसारखं पांढरं ताट मिळायचं. रादामेस गेला, त्याला पुरायला नेलं तेव्हाही मी भाडेकरूसारखा सगळ्यांच्या मागून चाललो.

नवव्या दिवशी प्रार्थना संपली आणि अंगणात गल्ली जेवायला बसली. दोन्या एर्सिलिया पांढरी ताटं वाढत माझ्यापर्यंत आली, थांबली आणि आत गेली. परतली ती निळ्या काठाचं ताट घेऊन.

शेजारणींचे घास हातातच राहिले. ते ताट कुणाचं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"जेव," ती म्हणाली. "त्याच्यामागे हे तुझंच."

मी तिची सून की जावई, ते तिचं तिला माहीत. भाडेकरू मात्र उरलो नव्हतो. मी ताट पुढे करून आणखी भात मागितला.