मेझ्कलची निग्रोनी

"आधी घोट घे, मग चपला काढ," म्हणत बाबांनी दारातच तिच्या हातात ग्लास ठेवला.

तिने तो नाकाजवळ नेला. कोबी चार दिवस पाण्यात कुजावा तसा वास. त्याच्या मागून धूर, आणि त्याच्याही मागे कुठेतरी संत्र्याची साल.

"आज नवीन काय घातलंय?"

"ओळख."

बाबांनी एकतीस वर्षं एका हॉटेलच्या बारमागे काढली होती. निवृत्त झाल्यावरही, दर रविवारी दुपारी लेक यायची म्हटली की ते पांढरा शर्ट चढवत, बाह्या दोनदा दुमडत आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून निग्रोनी हे कॉकटेल करत. जिन, कडू लाल बिटर आणि गोड व्हर्मुथ, तिन्ही एकास एक. आज त्यांनी जिनला सुट्टी दिली होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने परदेशातून मेझ्कल आणली होती. घायपाताच्या जातीतल्या झाडाचा गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात भाजून काढलेली दारू.

खड्ड्यातून काढायची विसरले असावेत, असं तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने घोटाबरोबर गिळलं. पुढ्यात आलेल्या ग्लासाला नाव ठेवायचं नाही, हा त्या घरचा नियम होता. बारवाल्याच्या लेकीनेच तोंड वाकडं केलं तर गिऱ्हाइकाने काय करावं, असं बाबा म्हणत. लहानपणी काढा पितानासुद्धा तिची भुवई हलली नव्हती.

ती खिडकीकडे वळली.

"राहू दे बंद. रंगारी बाहेर भिंत खरवडताहेत. सगळा भुगा ग्लासात पडेल."

ती टेबलाशी बसली. दुसरा घोट. जिभेला तो तितका वाईट लागेना, पण ग्लास तोंडाशी नेला की नुसती मळमळ. तिने डब्यातून आणलेलं जेवण वाढलं. स्वतःच्या ताटातला भात नुसता चिवडला. बाबा मात्र ग्लासावर वाकले, डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बूच निघताच बाटली परत पाठवणारं ते नाक. दोन महिन्यांपूर्वी बाबा तापाने आठवडाभर झोपून होते. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. एवढी घाण समोर असून त्यांना पत्ता नव्हता.

"शनिवारी सगळी जुनी मंडळी जमणार आहेत," बाबा म्हणाले. "बारा ग्लास करायचेत. आणि तो आमचा चेला, आता तिथला मुख्य आहे ना, तो म्हणतो, काका, हे आपण बारच्या यादीत घालू. तुमच्या नावाने."

"तुमच्या नावाने?"

"मग काय तुझ्या नावाने? तुला साधा बर्फ ढवळता येत नाही, ठमाबाई."

ती हसली. बारा माणसं बारा ग्लास नाकाशी नेतील आणि एकमेकांकडे बघतील. आता सांगितलं तर शनिवारची शोभा टळेल. पण मग या माणसाकडे उरेल काय? दुमडलेल्या बाह्या.

"खरं सांग," बाबांनी विचारलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, फडक्याने ओटा पुसत होते. "वासाला कसं आहे?"

"मस्त."

"मस्त म्हणजे?"

"धूर छान येतोय, बाबा. अगदी नेमका."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मला जरा शंका होती."

"कसली?"

"काही नाही. म्हातारपण."

अर्ध्या ग्लासानंतर तो वास तिलाही जाणवेनासा झाला. माणूस कशालाही सरावतो, तिला वाटलं, आणि स्वतःच्या लाळघोटेपणाची किळस आली. तिने ग्लास संपवला. निघताना बाबांच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यावर आल्यावर छातीभरून श्वास घेतला.

सोमवारी सकाळी सात वाजता समोरच्या शिंपीकाकांचा फोन आला. ती पोचली तोवर बाबा गेले होते.

महिन्याने तो चेला तिच्या घरी आला. सोबत एक पिशवी आणि छापायला द्यायची यादी. त्यात बाबांचं नाव होतं.

"हे नका करू," ती म्हणाली. "मी प्यायलेय ते. घाण आहे. त्यांचं नाक गेलं होतं, त्यांना कळलं नाही."

"नाक गेलं होतं, ते मला माहीत होतं," चेला म्हणाला. "त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर मापाने करत होते, थेंबही इकडचा तिकडे नाही. म्हणाले, रविवारी लेक येईल, तिच्या नाकाने खात्री करून घेतो."



त्याने पिशवीतून बाटल्या काढल्या. मेझ्कल त्याच गिऱ्हाइकाच्या खोक्यातली, माप बाबांच्याच अक्षरातलं. तिन्ही एकास एक ओतून त्याने बर्फावर ढवळलं, वरून संत्र्याची साल पिळली आणि ग्लास तिच्यापुढे सरकवला.

तिने श्वास रोखूनच तो उचलला. मग हळूच नाकाशी नेला. धूर. संत्र्याची साल. पुन्हा धूर.

"हे ते नाही."

"हेच ते, ताई."

तिने व्हर्मुथची बाटली हुंगली. बिटरची हुंगली. मेझ्कलच्या बाटलीला तर नाकच लावलं. कुजका कोबी कुठेच नव्हता.

"ताई, काय झालं?"

तिने फोन उचलला. त्यात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याचा नंबर होता. त्या सोमवारी, बाबांनी चहासाठी काडी ओढल्यावर तासाभराने, रस्त्यावर पडलेल्या खिडकीच्या काचांत उभं राहून त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, आदल्या दिवशी घरात गॅसचा वास आला होता का, आणि ती अगदी खरेपणाने नाही म्हणाली होती.

"साहेब," ती म्हणाली, "आदल्या दिवशी घरात घाण वास येत होता. मला आला होता. मी बाबांना सांगितलं नाही."