टिंब

"पखा," मुकादम म्हणाले.

"पंखा," बाई म्हणाल्या आणि रकान्यात फुली मारली. "वरचं टिंब राहिलं. अजून पहिलीच पायरी."

"एवढ्याशा टिंबानं काय बिघडतं हो, बाई?"

"बिघडतं."

मुकादमांचा चेहरा पडला. बाईंच्या जिवाला जरा गारवा मिळाला.

ग्रंथालयामागच्या खोलीत दर रविवारी प्रौढांचा वर्ग भरे. बाई आठवडाभर दवाखान्यात नर्स आणि रविवारी इथल्या बिनपगारी शिक्षिका. वर्ग संपताना त्या एकेकापुढे शब्दांची कार्डं धरत. पुरेसे शब्द बरोबर आले की माणूस पुढच्या पायरीवर जाई. इतरांचं टिंब सुटलं तर त्या हसून सोडून देत. इस्त्रीवाली तर 'रंग'ला 'रग' म्हणत म्हणत वाक्यांपर्यंत पोचली होती. मुकादमांना मात्र माफी नव्हती.

कारण ओळख करून देताना पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "साबणाच्या कारखान्यात मुकादम होतो. चष्मा घरी राहिला, असं सांगत जन्म काढला. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच कारखान्यात त्यांचे वडील गेले. साबण घोटायचं मोठं पिंप मधूनमधून आपोआप थांबे आणि पुन्हा फिरू लागे. वीज चालू की बंद, ते बाहेरच्या पाटीवरूनच कळायचं. वडील आत उतरून खरवडायला लागले आणि पिंप फिरलं.

चौकशीत या मुकादमाने सगळ्यांदेखत सांगितलं, "चालूची पाटी मी स्वतः लावली होती, साहेब. अडाणी माणूस, त्याला वाचता आली नाही." धावपळीत पाटी कुणीतरी उतरवली होती, म्हणून त्याचा शब्दच खरा धरला गेला. आईचा हात धरून उभ्या असलेल्या लहानग्या बाईंनी ते ऐकलं. "त्यांना वाचता येत होतं," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. कुणी ऐकून घेतलं नाही. बाईंनाही ती आईची वेडी माया वाटे. बाप अडाणीपणापायी गेला, म्हणून तर त्या शिकवायला लागल्या होत्या.

आणि हा स्वतः अक्षरशत्रू! याने त्यांच्या बापाला अडाणी म्हणावं!

त्या रविवारी केंद्रप्रमुखांनी रकाने पाहिले. "मुकादम अजून तिथेच कसे? पुढच्या वेळी जमलं नाही तर माझ्याकडे पाठवा त्यांना."

म्हणजे हातात एकच रविवार उरला. बाईंनी घरी बसून ठळक शाईने दोन नवी कार्डं केली. याच शब्दांवरून त्याने बापाची अब्रू घालवली होती. तेच शब्द त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि मग भर वर्गात त्याचं माप त्याच्या पदरात घालायचं.

"वाचा."

"चा... लू. चालू."

"आणि हे?"

मुकादमांचं बोट अक्षरावर गेलं, मग वरच्या टिंबावर. "बद... नाही. बं. बंद!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई ताडकन उठल्या.

"याच दोन शब्दांवरून तुम्ही माझ्या वडिलांना चारचौघांत अडाणी म्हणालात. पिंपात गेलेल्या माणसाची मुलगी आहे मी! तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं?"

टाळ्या थांबल्या. मुकादमांनी मान वर केली नाही.

"टिंबवालं बंद?" त्यांनी विचारलं. "नक्की ना, बाई?"

"नक्की."

"जुन्या पाट्या लाल-हिरव्या होत्या. त्या आठवड्यात नव्या आल्या, दोन्ही पांढऱ्या. कुणाला विचारायची लाज वाटली." त्यांचं बोट कार्डावरून हलेना. "टिंब म्हणजे धोक्याचा दिवा, असं मनाशी धरलं आणि टिंबाचीच पाटी लावली."