डावीकडचे टायर

गाडी लिफ्टवर चढली आणि जयदेव पाटलांना आपली पिवळी स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच खालून दिसली. वरून नवरीसारखी नटलेली, खालून चिखलाने माखलेली. चालवताना ती एका बाजूला ओढत होती, म्हणून ते कोपरखैरण्याच्या या टायरवाल्याकडे आले होते.

दुकानदार दिपेशने चारही टायर काढून भिंतीला टेकवले. उजवीकडच्या दोन्हींचा आतला काठ पार गुळगुळीत झाला होता, तार दिसायची तेवढी बाकी होती. डावीकडच्यांची नक्षी मात्र शाबूत होती.

"काका, अलाइनमेंट तर गेलंयच," दिपेश म्हणाला. "पण तुमी एकटेच फिरता वाटतं. सगळा लोड उजवीकडं. काकींना बसवत जा ना बाजूला, गाडी सरळ चालेल."

काकांचा घेर पाहता चेष्टा काही वाईट नव्हती. जयदेव हसलेही. पण नजर त्या डावीकडच्या कोऱ्या टायरांवरून हलेना.

जमीन सरकारी प्रकल्पात गेली आणि मोबदल्यातून गाडी आली, तेव्हा अख्खं बोनकोडे गाव दारात लोटलं होतं. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. तेवढ्यात त्यांची बायको कमळी बाजारातून आली, मासळी विकून, डोक्यावर म्हावऱ्याची रिकामी पाटी. पाटी खाली ठेवून तिने पदराला हात पुसले आणि हौसेने दाराकडे हात नेला. जयदेव चारचौघांत म्हणाले होते, "आज नको गो. म्हावऱ्याचा वास बसंल सीटला."

सगळे हसले. कमळीही हसली. तो 'आज' मग काही संपला नाही. ती पाटी घेऊन रिक्षाने बाजारात जात राहिली आणि हे तिच्या रिक्षाच्या पुढे गाडी काढून पामबीच रोडवर हवा खायला जात राहिले. गुडघे गेले तसं तिने मासे विकणंही सोडलं. म्हणजे वासाची सबबसुद्धा उरली नव्हती, तरी तिला एकदा बसवावं हे यांच्या डोक्यात आलं नाही. ते टायरवाल्याला सांगावं लागलं. जयदेवांना स्वतःची लाज वाटली.

टायर बदलून ते तडक घरी आले. कमळी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"कमळे, ऊठ. फिरून येऊ."

"कशानं?"

"गाडीनं."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. सूप बाजूला सारून ती आत गेली. सकाळची आंघोळ झालेली असूनही न्हाणीत पाणी वाजू लागलं, ते बराच वेळ वाजत राहिलं. बायकांच्या तयारीला वेळ लागायचाच, असं म्हणत जयदेव बाहेर थांबले. कमळी आली ती लग्नकार्यातली साडी नेसून.

गाडी इतकी बुटकी, की तिला आत बसवायला त्यांना तिचे दोन्ही हात धरावे लागले. गुडघ्यात कळ आली तशी ती ओठ दाबून म्हणाली, "गाडी हाय का पाट?" जयदेव मोठ्याने हसले. त्यांना फार हलकं वाटलं.

पामबीचला गाडी नाकासमोर धावू लागली. कमळी हात मांडीवर ठेवून बाहेरची खाडी बघत होती. हे आधीच करायला हवं होतं, असं जयदेवांना बोलायचं होतं, पण तोंडून निघालं एवढंच, "बरी हाय ना?"

"बरी हाय."

थोड्या वेळाने ती दारावर काहीतरी चाचपू लागली.

"काय शोधतेस?"

"काच कशी उघडाची?"

"गरम होतंय? एसी वाढवतो."

"गरम नाय," कमळी साधेपणाने म्हणाली. "उघडी ठेवा जरा. मागं वास राहाला नको."

जयदेवांनी बटण दाबलं नाही. गाडीत साबणाशिवाय दुसरा कसलाच वास नव्हता.