पाताळनगरी

दोन वर्षं खेळवाला ज्या पाताळनगरीच्या बाता मारत होता, तिचा तंबू यंदा मुरुडच्या जत्रेत उभा राहिला. बाहेर कोळणींचा वाद पेटला. "मोत्यांचा महाल हाय," चंद्राबाई म्हणाली. "कागदाचे मासे असतील," गोदू फणकारली, "दर्याच्या लेकींना ह्यो काय दर्या दाखवनार?" जनीचं कशातच लक्ष नव्हतं. नवऱ्याची होडी कालच परतायला हवी होती. "बसून काय व्हनार?" म्हणत नणंदेनं तिला ओढून आणलं होतं. तिचा उजवा हात मोकळा होता. त्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला वाहिलेल्या, बदल्यात त्यानं धनी सांभाळायचा. आत निळ्या कापडाखाली वाळूवर हिरव्या काचा लखलखत होत्या. "बघा, दर्याचा तळ!" खेळवाला ओरडला. जनी वाकली. बांगड्याच होत्या, साऱ्या फुटलेल्या. ती गुडघ्यांवर बसली आणि एखादी तरी अख्खी सापडावी म्हणून वाळू उपसू लागली.